माझा ८,४०० रुपयांचा पिस्टन

सगळे सांगतात, गाडीचं काम केलं की मेकॅनिककडून जुने पार्ट मागून घ्या. मी मागितले होते. त्याने दिलेही. काळ्या पन्नीत गुंडाळलेला, ओरखडे पडलेला एक पिस्टन, म्हणजे इंजिनात वर-खाली पळणारा डबीसारखा भाग, आणि त्याच्याभोवती बसणाऱ्या तीन रिंगा. तो पिस्टन पाहूनच माझी खात्री पटली आणि तिथेच मी फसले. म्हणून हे लिहिते आहे.

मी दारव्हा तालुक्यातली. बचत गटांची वह्या-पुस्तकं तपासायचं माझं काम आहे, त्यासाठी आठवड्यातून पाच गावं फिरते. गाडी ११० सीसीची, २०१८ ची, बिनागिअरची स्कूटर. एकतीस हजार किलोमीटर झालेली. आमच्याकडे स्कूटर म्हणजे अर्धी बैलगाडीच. पाय ठेवायच्या जागेवर सरकीच्या ढेपेचं पन्नास किलोचं पोतं, मागे पोरगा, आणि रस्ता पांदणीचा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. या काळात एवढ्यातेवढ्याला ऑइल बदललं, ब्रेक शू बदलले. आतला पट्टा एकदाही नाही. पट्टा असतो हेच कुठे माहीत होतं!

सप्टेंबरच्या शेवटी गाडी बिघडली. बंद पडली असती तर कळलं तरी असतं. एका बटणात चालू व्हायची, रेस दिली की इंजिन जोरात ओरडायचं, पण गाडी पुढे जाईना. सपाट रस्त्यावर पंचवीस-तीसच्या पुढे काटा सरकत नव्हता. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ ओलांडायला जो थोडासा चढ आहे ना, तिथे तर ती उभीच राहिली. मुठीत पूर्ण रेस, आवाज एवढा की शेतातल्या बाया निंदण सोडून बघायला लागल्या, आणि गाडी जागच्या जागी. वर जळालेल्या रबरासारखा वास. उतरून ढकलत नेली.

आता मागे वळून पाहिलं की कळतं, गाडी दोन महिन्यांपासून सांगत होती. सिग्नल नसलेल्या आमच्या गावात सुद्धा थांबून निघताना ती थरथरायची, उचल उशिरा घ्यायची. पेट्रोलही जास्त पीत होती. मी म्हटलं, पावसाळी हवा.

घरात मेकॅनिक असताना मी बाहेर गेले, हे आधीच कबूल करते. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पण ते तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला नणंदेकडे होते. आणि माझी हप्त्याच्या वसुलीची तारीख तोंडावर. तालुक्याच्या गावात एक गॅरेज आहे, कोणतं ते लिहीत नाही. तिथे गाडी नेली.

त्या माणसाने गाडीला हात लावायच्या आधी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन रेस दिली, पूर्ण. म्हणाला, "ऐका ताई, ऐकू येते का? रिंगा वाजून रायल्या." आवाज येत होता हे खरं. कशाचा, ते मला काय कळणार? मग सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून काळं बोट मला दाखवलं. "इंजिन ऑइल जाळून रायलं. इंजिन बसलं तुमचं. आता नाही केलं तर रस्त्यात जाम होईन, मंग पंधरा हजाराच्या खाली नाही." बोअर किट (म्हणजे नवा पिस्टन, रिंगा आणि तो ज्यात फिरतो ती नळी), गॅसकेट, ऑइल, मजुरी मिळून ८,४००. पाच हजार आधी, बाकीचे गाडी नेताना.

बसलेलं इंजिन, काळं बोट, रस्त्यात एकटी बाई. ही तीन चित्रं त्याने दहा मिनिटांत माझ्यापुढे उभी केली. मी फोनवरून पाच हजार पाठवले.

चार दिवसांनी गाडी मिळाली. मी जुने पार्ट मागितले तेव्हा तो जराही चपापला नाही, उलट खुश झाला. पन्नी आतून आणून पिस्टन माझ्या हातावर ठेवला आणि ओरखड्यांवरून माझंच बोट फिरवलं. "पाहा, कसा खाल्ला आहे." ३,४०० रोख दिले. गाडी पळत होती. अगदी छान पळत होती, तीन आठवडे.

ऑक्टोबरात सोयाबीन निघायच्या घाईत पुन्हा तेच. इंजिन ओरडतंय, गाडी उभी, तोच वास. तोवर मामाजी परतले होते, एका डोळ्यावर हिरवा चष्मा. ओसरीतून त्यांनी नुसता आवाज ऐकला आणि विचारलं, "इंजिन बोंबलते नं चांगलं? मंग इंजिनले काय झालं?"

मी रिंगांचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, एसटीचा क्लच घसरला का डायवर असाच येते. म्हणे, इंजिन ओरडते पण गाडी वढत नाही. मी दरवेळी इंजिन खोललं असतं तर मले कधीचंच घरी पाठवलं असतं."

मग त्यांनी जे समजावलं ते मला त्या खुर्चीत बसल्यावर माहीत हवं होतं. रिंगा झिजल्या तर इंजिनाचाच दम जातो. ते नीट ओरडतच नाही, चालू व्हायला त्रास देतं, ऑइल कमी होत जातं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळं लागलं म्हणजे ऑइल जळलं असं नाही. कोरडी काजळी पेट्रोल अर्धवट जळल्याने पण येते. ऑइल जळत असेल तर ती ओली, चिकट लागते. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. इंजिन फिरत होतं आणि त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नव्हती. म्हणजे दुखणं इंजिन आणि चाकाच्या मधल्या भागात. बिनागिअरच्या स्कूटरमध्ये तो मधला भाग डाव्या बाजूच्या लांब कव्हरखाली असतो.

कव्हरला आठ नंबरच्या पान्याचे बोल्ट. मामाजींनी ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून, ज्या जागेचा त्या जागी खोचले, कारण काही लांब असतात, काही आखूड. कव्हर निघालं तसा काळा भुसा खाली पडला. पट्ट्याचा. मी फुंकणार तर त्यांनी हात धरला, "तोंडानं नको, छातीत जाते," आणि ओल्या फडक्याने पुसलं.

आत समोर एक पुली, मागे एक पुली, मधे रबराचा दात्यांचा पट्टा. समोरच्या पुलीत खडूच्या तुकड्याएवढे सहा रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर सरकतात, पुलीची फट आवळतात, पट्टा वर चढतो आणि गाडी वेग घेते. मागे क्लच शू, ते फिरता फिरता उघडतात आणि भोवतीच्या वाटीला आतून धरतात, तेव्हा चाक फिरतं. पट्टा झिजून अरुंद झाला की पुलीत खाली बसतो, वर चढतच नाही. क्लच शू गुळगुळीत झाले की वाटीत नुसते घसरतात. दोन्हीत लक्षण एकच, आवाज भरपूर आणि चाल नाही.

माझ्या गाडीत दोन्ही होतं, वर रोलरही. मामाजींनी पट्टा उलटा वाकवला तर प्रत्येक दात्याच्या मुळाशी चीर, दोन दाते तर तुटून गेलेले. एक रोलर काढून फरशीवर घरंगळत सोडला. गोल असता तर सरळ गेला असता. तो टक-टक-टक करत तीन हात जाऊन बसला. एका अंगाने चपटा झाला होता. क्लच शूवर मात्र बारीक समांतर रेघा होत्या, पॉलिश पेपरने घासल्याच्या, ताज्या. त्याच रेघांनी मला तीन आठवडे पळवलं होतं. शू घासले, वाटी पेट्रोलने पुसली, थोडे दिवस पकड आली. दहा रुपयांचा कागद.

"आणि इंजिन?" मी विचारलं. मला अजून वाटत होतं, निदान इंजिनाचं काम तरी झालं असेल.

मामाजी उत्तर न देता खाली वाकले. सायलेन्सर जिथे इंजिनाला लागतो तिथले दोन नट त्यांनी मला दाखवले. गंजलेले, गंजावर चिखलाचा थर, त्या थरावर कोरडी भेग. पिस्टनपर्यंत पोचायला इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढायचं तर आधी सायलेन्सर सोडावाच लागतो. त्या नटांना पाना लागला असता तर गंज कोपऱ्यावर तरी उडाला असता. मग त्यांनी ऑइल मोजायची कांडी काढून फडक्यावर टेकवली. डांबरासारखं. बिलात नव्या ऑइलचे पैसे होते.

राहिला पिस्टन. तो मी फेकला नव्हता. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी आणली आणि माथ्यावर आडवी ठेवली. सत्तावन्न मिलीमीटर. मामाजींनी गाडीचं पुस्तक मागितलं, जे मी सहा वर्षांत उघडलं नव्हतं. शेवटच्या पानांवर लिहिलं होतं, बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीची रुंदी, ५० मिलीमीटर. सत्तावन्नचा पिस्टन पन्नासच्या बोअरमध्ये मोगरीने ठोकला तरी जात नाही. कुठल्यातरी दीडशे सीसी मोटरसायकलचा तो पिस्टन, आणि कोण जाणे माझ्या आधी किती जणांच्या हातावर ठेवला असेल.

पुलीचा नट मामाजींनी स्वतः सोडला नाही. पुली धरून ठेवायचं हत्यार लागतं, छिन्नी-हातोडीने केलं तर पुलीची पाती तुटते. ओळखीच्या एका पोराकडे दिग्रसला गाडी टेम्पोत घालून नेली. पट्टा ६४०, रोलर २३०, क्लच शू ८५०, मजुरी ३५०. एकूण २,०७०, छापील बिलावर. त्याने मागच्या सीलमधून ऑइल गळतं का तेही पाहून दिलं, कारण सील गळलं तर नवे शू पुन्हा तेलकट होऊन घसरतात. सगळं माझ्यासमोर उघडलं, दोन तास लागले.

जुने पार्ट मागा, हा सल्ला चूक नाही, अर्धा आहे. मागितलेला पार्ट तुमच्याच गाडीतला कशावरून? आता मी गाडी देताना जो भाग उघडणार म्हणतात तो माझ्या डोळ्यासमोर उघडा म्हणते. थांबता येत नसेल तर नटांवर नेलपॉलिशचा ठिपका देते. रंग तडकला नाही तर नट हललेला नाही. दिग्रसचा पोरगा हसतो, पण रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडून गाडी वापस आणायची. आणि घरच्या घरी एक पाहता येतं. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, चालू करून हळू रेस द्या. चाक अजिबात फिरत नसेल तर पट्टा तुटलेला असण्याचीच शक्यता जास्त. फिरत असेल तर मागचा ब्रेक अलगद दाबा. चाक चटकन थांबलं आणि इंजिनाच्या आवाजात काही फरकच पडला नाही, तर मधे घसरत असण्याची शक्यता आहे. हे दोन-चार सेकंदच करायचं, लुगड्याचा पदर आणि लेकरं चाकापासून लांब ठेवून.

त्या गॅरेजवर मी मामाजींना घेऊन गेले, पिस्टन आणि मोजपट्टी पिशवीत. आधी तो म्हणाला, पोराने पन्नी बदलली असेल. मामाजी म्हणाले, "बरं, पन्नी बदलली. मंग सायलेन्सरचे नट कोनं बदलले नाही?" त्यावर तो काही बोलला नाही, गल्ल्यातून तीन हजार काढून दिले. बाकीचे संक्रांतीनंतर म्हणाला.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर मी फोन केला, तक्रार नोंदवून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. माझी अडचण पुराव्याची आहे. त्याचं बिल म्हणजे वहीतून फाडलेला कागद, त्यावर दुकानाचं नाव नाही, सही नाही. पाच हजारांची फोनवरची नोंद आहे, ३,४०० रोख दिले त्याला साक्षी कोणी नाही. सत्तावन्न मिलीमीटरचा पिस्टन आहे, तो जपून ठेवला आहे.

संक्रांत होऊन गेली. दर गुरुवारी बाजाराला जाते तेव्हा गॅरेजसमोर गाडी उभी करते आणि पैसे मागते. मागच्या गुरुवारी शटर बंद होतं.