दुबईची कंपनी आणि व्हिसा एकाच पॅकेजमध्ये? पैसे भरण्याआधी हे वाचा

‘स्वस्तात कंपनी, सोबत रेसिडेन्स व्हिसा, टॅक्स शून्य’ असं पॅकेज विकणाऱ्या एजंटांकडे बेदाणे, मसाले किंवा सॉफ्टवेअरचा छोटा धंदा करणारे आपले लोक सर्रास पैसे अडकवतात. पैसे भरले की हातात रास अल खैमाचं (अमिरातीतलंच, पण दुबईहून वेगळं राज्य) शिक्का मारलेलं सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन, म्हणजे कंपनी नोंदल्याचा दाखला, येतं. कागद अस्सल असतो, म्हणूनच माणूस निर्धास्त होतो.

पण ती ऑफशोअर कंपनी असते. तिच्या नावावर शेअर्स किंवा मालमत्ता ठेवता येते, पण अमिरातीत धंदा करता येत नाही आणि तिच्यावर एकही रेसिडेन्स व्हिसा निघत नाही. व्हिसा फ्री झोन (वेगळे नियम आणि सवलती असलेलं व्यापारी क्षेत्र) कंपनीवर निघतो, आणि त्या कंपनीकडे ट्रेड लायसन्स, म्हणजे धंद्याचा परवाना, असतं. हातात फक्त सर्टिफिकेट असेल आणि लायसन्स नंबर नसेल, तर व्हिसाचा विषय तिथेच संपला. मग एजंट ‘अपग्रेड’ सुचवतो आणि दुसरं बिल सुरू होतं: लायसन्स, फ्लेक्सी डेस्क (सामायिक ऑफिसातली जागा), एस्टॅब्लिशमेंट कार्ड (व्हिसा काढण्यासाठी कंपनीची नोंदणी), एंट्री परमिट, मेडिकल, एमिरेट्स आयडी. म्हणून कोटेशनमध्ये हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. दुसऱ्या वर्षीचं रिन्यूअल आणि कंपनी बंद करायचा खर्चही मागा. जाहिरातीतला आकडा बहुधा पहिल्याच वर्षाचा असतो.

बँक खात्याची ‘गॅरंटी’ ही सरळ थाप आहे. खातं उघडायचं की नाही हे बँक ठरवते. जुनी इन्व्हॉइसेस, स्टेटमेंट आणि पैसा कुठून आला याचे पुरावे बघते. बँकेने नकार दिला तरी एजंट फी परत करत नाही.

‘ड्यूटी-फ्री’चंही तसंच. फ्री झोनमध्ये आणलेल्या मालावर कस्टम्स ड्यूटी नसते, पण तोच माल दुबईच्या बाजारात उतरवला की साधारण ५ टक्के ड्यूटी लागते. शून्य टॅक्सही सरसकट नाही. २०२३ पासून ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे. फ्री झोनला शून्य दर ठरावीक उत्पन्नावर आणि अटी पाळल्या तरच मिळतो. नोंदणी मात्र करावीच लागते. उशीर झाला तर दंड १०,००० दिरहम.

सगळ्यात महागात पडतो तो भारतातला भाग, आणि एजंट त्यावर अवाक्षर काढत नाही. ‘नातेवाइकाच्या खर्चासाठी’ असा खोटा पर्पज कोड (पैसे कशासाठी पाठवतोय हे बँकेला सांगणारा कोड) टाकून किंवा हवाल्याने पैसे पाठवायला सांगतो. तसं केलं तर फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) उल्लंघन तुमच्या नावावर चढतं, त्याच्या नाही. रीतसर मार्ग असा: आपल्या बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यायचा, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या एलआरएस (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) मर्यादेत पैसे पाठवायचे, सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेला द्यायचं आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे परदेशी कंपनीचा वार्षिक अहवाल, भरायचा. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावंच लागतं, कंपनीने एक रुपया कमावला नसला तरी. ते लपवलं तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

पैसे देण्याआधी लायसन्स अमिरातीच्या नॅशनल इकॉनॉमिक रजिस्टरवर (कंपन्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) तपासा. पैसे गेलेच असतील, तर आधी एजंटकडून कंपनीची सगळी मूळ कागदपत्रं लेखी मागून घ्या, आणि चुकलेला एपीआर लेट सबमिशन फी (उशिराचं शुल्क) भरून देता येईल का, ते बँकेच्या फॉरेक्स शाखेत याच आठवड्यात विचारा.