‘आठवीपासून अमेरिकन कॉलेज’ पॅकेज : कोणते हप्ते भरावेत, कोणते नाही

पोहण्याच्या जोरावर मुलाला अमेरिकन कॉलेजच्या संघात जागा आणि शिष्यवृत्ती मिळवून देतो, असं सांगत रत्नागिरी ते मालवण पट्ट्यातल्या पोहणाऱ्या मुलांच्या पालकांना विकलं जाणारं हे पॅकेज आठवी ते बारावी असं पाच वर्षांचं आहे. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांना ईमेल, व्हिडिओ, कागदपत्रं, सॅटचा (अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेचा) क्लास, सगळं त्यात येतं. कागदपत्रांचं काम खरंच चांगलं आहे. आठवी-नववीचे हप्ते मात्र अजिबात भरू नयेत.

माहितीपत्रकात उदाहरण लॅक्रॉसचं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने खेळायच्या चेंडूच्या खेळाचं आहे : आठवी-नववीतल्या मुलांना कॉलेजांनी आधीच हेरून ठेवलं. पूर्वी तसं होत होतं. पण लॅक्रॉसच्या प्रशिक्षकांनीच हे थांबवा म्हणून पाठपुरावा केला आणि एप्रिल २०१७ मध्ये एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन १ ने, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाने, नियम केला की, अकरावीतल्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकाने मुलाशी फोन, ईमेल, मेसेज काहीही करायचं नाही. मुलाने आपणहून फोन केला तरी बोलायचं नाही, क्लबच्या कोचमार्फत निरोपही धाडायचा नाही. २०१९ मध्ये पोहण्यासह बहुतेक खेळांना अशीच अट लागली, फक्त तारीख दहावी झाल्यानंतरची १५ जून. आपल्याकडे तेव्हा अकरावीच्या प्रवेशाची धावपळ चालू असते.

मग आठवीतल्या मुलासाठी ‘कॉलेजकडून आलेला प्रतिसाद’ म्हणून दाखवतात तो ईमेल कसला? नीट वाचला तर ते शिबिराचं पत्रक किंवा माहिती भरायची प्रश्नावली असते. ही दोन्ही केव्हाही, कुणालाही पाठवता येतात आणि शिबिराचा खर्च पालकांचाच. खऱ्या प्रतिसादात मुलाच्या नेमक्या शर्यतीचा आणि वेळेचा उल्लेख असतो. डिव्हिजन ३ या खालच्या गटातली कॉलेजं आधीही लिहू शकतात, पण तिथे खेळाची शिष्यवृत्ती मुळातच नसते.

मुलाच्या प्रोफाइलमध्ये मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या समुद्री स्पर्धेतला क्रमांक सगळ्यात वर टाकतात. समुद्रात पोहणं सोपं नाही, त्या मुलांचं कौतुक आहेच. पण भरती-ओहोटी आणि लाटा रोज वेगळ्या, त्यामुळे त्या वेळेवरून प्रशिक्षकाला तुलना करता येत नाही. कॉलेजच्या शर्यती २५ यार्डांच्या तलावात होतात. प्रशिक्षकाला हवी असते अधिकृत स्पर्धेतली तलावातली वेळ, तीही अशी : शर्यत, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ, तलावाची लांबी, तारीख, स्पर्धेचं नाव. पॅकेजवाले ५० मीटरच्या तलावातल्या वेळेचं यार्डांत रूपांतर करून तेवढाच आकडा देतात. मूळ वेळही शेजारी हवीच. यार्डांच्या तलावात वळणं जास्त येतात, त्यामुळे ज्याचं वळण आणि भिंतीवरचा रेटा दमदार, तो रूपांतरित आकड्यापेक्षाही पुढे जाऊ शकतो. व्हिडिओत म्हणूनच वळणं आणि पाण्याखालचा भाग दिसला पाहिजे. यांच्या व्हिडिओत पदक घेतानाचे फोटोच जास्त.

कागदपत्रांत मात्र यांचा हात धरणारं कुणी नाही. नववीपासून प्रत्येक वर्षाचं निकालपत्रक द्यावं लागतं. मराठी माध्यमाच्या शाळेचं नववीचं निकालपत्रक मराठीत असतं, त्याचा ओळीला ओळ असा प्रमाणित इंग्रजी अनुवाद मूळ प्रतीसोबत द्यावा लागतो. तो हे लोक चोख करून देतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नावाची मांडणी वेगळी, ही तफावतही वेळेत पकडतात. सांगत नाहीत ते एवढंच : डिव्हिजन १ साठी ठरलेले १६ विषय लागतात (एक विषय वर्षभर शिकला की एक धरतात), त्यात गणिताची ३ वर्षं. अकरावीला गणित सोडलं तर नववी-दहावीची दोनच भरतात. आणि सॅटचा क्लास ‘एनसीएएसाठी सक्तीचा’ म्हणून गळ्यात मारतात, ती सक्ती जानेवारी २०२३ मध्येच गेली. एखादं कॉलेज स्वतः सॅट मागू शकतं, तेवढं तपासून मगच क्लास घ्यावा.

पैसे भरायचेच असतील तर दहावीनंतर, आणि आधी करार वाचून. शेवटचा हप्ता ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट मिळाल्यावर’, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज यांना बांधून घेणारं पत्र हाती आल्यावर, असं त्यात अजून छापलेलं आहे. ते पत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. त्या जागी ‘कॉलेजने दिलेला आर्थिक मदतीचा लेखी करार’ असं लिहून घ्या. प्रशिक्षकाचा तोंडी होकार कुणालाच बांधील नसतो, त्यावर हप्ता देऊ नका.