यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: रावेर पट्ट्यातल्या केळीवाल्याचा रिव्ह्यू

आधी सरळ सांगतो, अ‍ॅप चांगलं आहे, टाका मोबाईलमधे. फुकट आहे, मधे एक पण जाहिरात येत नाही, मराठी पवित्र शास्त्र अख्खं आहे त्यात. २००८ मधे अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका चर्चने चालू केलं, तेव्हापासून फुकटच. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, आजोबा-आजींपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत बऱ्याच जणांकडे आहे. पण बहुतेक जण सकाळी आजचं वचन बघतात, स्टेटसला ठेवतात आणि बंद करतात. माझं म्हणणं यावरच आहे भो, कारण तेवढ्यावर थांबलं तर आशा अर्धीच हातात येते.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं २९:११ घ्या, म्हणजे अध्याय २९, वचन ११. देव म्हणतो तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा द्यायचे आहेत. फुलांच्या फोटोवर, कॅलेंडरवर, सगळीकडे दिसतं हे वचन. आमच्या केळीच्या बागेत सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला होता, इकडे हरण्या म्हणतात, पानावर पिवळे पट्टे पडतात आणि एकदा झाड धरलं की त्याला औषध नाही, उपटून लांब नेऊन गाडायचं नाहीतर मावा तो रोग पुढच्या झाडाला नेतो. कांदेबागातली (केळीच्या एका हंगामाची लागवड) ओळच्या ओळ उपटत होतो आम्ही, रोपांचे पैसे, ठिबकचे पैसे, सोसायटीचं कर्ज सगळं डोळ्यासमोर, आणि त्याच दिवसात हे वचन कोणीतरी प्रेमाने पाठवलं. मला काहीच वाटलं नाही वाचून. उलट अजून जड झालं.

रात्री थ्री फेज लाईट आली म्हणून मोटर चालू करायला गेलो, बांधावर बसल्या बसल्या त्या वचनावरून अख्खा अध्याय उघडला. आणि काय निघालं, तर ते एक पत्र आहे! यरुशलेमेतून बाबेलला, कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. अकराव्या वचनाच्या बरोबर वर दहावं आहे, त्यात सत्तर वर्षं लिहिलंय. म्हणजे ज्यांना हे पत्र वाचून दाखवलं त्यातली मोठी माणसं घरी परत जाणारच नव्हती. आणि त्यांनाच पाचव्या वचनात सांगितलंय की घरं बांधा, त्यात राहा, बागा लावा आणि त्याचं फळ खा. परक्या मुलखात, सगळं गमावून बसलेल्या माणसांना देव म्हणतो बाग लाव!! पुढं सातव्यात तर ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा म्हणून सांगितलंय, शत्रूच्या शहरासाठी. मी शेजारच्या बागेसाठी प्रार्थना करायला लागलो ते तिथून, कारण त्याची बाग नीट राहिली तरच माझी राहणार, आणि खरं तर तो पण माझ्यासारखाच रात्री जागा असतो.

माझं दुःख त्या रात्री कमी नाही झालं. पण दुसऱ्या दिवशी रिकाम्या जागेत काय लावायचं याचा विचार करायला बळ आलं, आणि ते बळ येशूने दिलं असं मी मंडळीत साक्ष देताना सांगितलं, इथं पण सांगतो.

ऐकायची सोय आहे ती मला सगळ्यात आवडते. हात चिखलाने भरलेले असले तरी खिशात मोबाईल बोलत राहतो. स्तोत्र १३० रात्री शेतात ऐका एकदा, त्यात पहाटेची वाट बघणारा पहारेकरी आहे, ज्याला रात्रपाळीची लाईट आहे त्याला ते वेगळं समजवावं लागत नाही. शेतात रेंज नसेल तर वाचायचं मराठी शास्त्र घरूनच डाउनलोड करून न्या. वाचून थकणाऱ्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना अक्षर मोठं करून द्या, सेटिंगमधे आहे ते.

सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं ते मोजून दाखवतात, ते मला पटत नाही. आई दवाखान्यात असताना कोणाचा दिवस चुकला तर देवाने त्याला शून्यावर आणलं असं थोडीच आहे, त्या आकड्याकडे बघू पण नका. वाचनाच्या योजना इंग्रजीत जास्त, मराठीत कमी, पण ज्या आहेत त्या पुरतात.

नवीन असाल तर बायबलमधल्या हबक्कूक या संदेष्ट्याच्या छोट्या पुस्तकापासून चालू करा. तीनच अध्याय आहेत. पहिल्यातच तो देवाला विचारतो की मी किती वेळ ओरडू, आणि शेवटी अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वरात आनंद करीन म्हणतो. शेवटचं वचन फोटोवर छापलेलं मिळेल, पण पहिल्यापासून ऐका, टाकीत पाणी भरायच्या आत होऊन जातं. पाच स्टार.