दहा महिने, दोन मोनोब्लॉक आणि एक पांढरी पाच

मोनोब्लॉक, म्हणजे एका स्पीकरला एक असे दोन सुटे पॉवर अ‍ॅम्प, दिवाळीत घेतले, आता गणपती पाण्यात गेल्यावर लिहितोय. मधे उन्हाळा झाला, पाऊस झाला, दुकानदाराशी भांडण झालं आणि माझं मत दोनदा फिरलं. एप्रिलमध्ये लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

सेटअप थोडक्यात. बारा वर्षं जुना स्टिरिओ रिसीव्हर, कागदावर 80 वॅट, मागे प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल द्यायची सोय. 4 ओमचे उभे स्पीकर. घर देवगडजवळ, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. जरा आवाज चढवला की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जायचा, म्हणजे जीव वाचवायला आपणच बंद पडायचा, आणि भजनात पखवाज असेल तर हमखास. म्हणून त्याला नुसता प्री म्हणून ठेवायचं आणि ओझं दोन मोनो पॉवर अ‍ॅम्पवर टाकायचं ठरवलं. 150 वॅटचे, क्लास एबी, आत टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, एकेक 11 किलोचा. जोडी 92,000 रुपये. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

डावा अ‍ॅम्प माजघरातल्या प्लगवर, उजवा ओटीवरच्या. स्पीकर वायर आखूड राहावी म्हणून एवढा शहाणपणा. बटण दाबलं आणि गाणं लावायच्या आधीच घुमायला लागलं. व्हॉल्यूम शून्यावर, तरी घूंऽऽ. दिवसा समुद्राच्या गाजेत कळायचं नाही, रात्री मात्र कुमारजी (कुमार गंधर्व) लावले की तानपुऱ्याच्या खाली आणखी कुणीतरी दुसरा तानपुरा, तोही बेसूर, घेऊन बसलाय असं वाटायचं. पुढचे सात महिने मी गाणी कमी आणि ती घूं जास्त ऐकली. बायको म्हणायची तिला ऐकूच येत नाही. मला स्वयंपाकघरातूनसुद्धा यायची.

पहिलं निदान भाऊकाकांचं. काका आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. पाच मिनिटं बसले आणि म्हणाले, "रे मेल्या, तुझ्या मशीनीन पांढरी पाच धरल्यान हा. पण वायच चढी आसा." मी हसलो. नंतर बघितलं तर माणूस तंतोतंत बरोबर! आपली वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100. खर्जातली पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, 98 हर्ट्झ. म्हणजे वायच चढीच. अ‍ॅम्पमध्ये बिघाड नव्हता, घरातली लाइन गात होती. हे मी त्याच दिवशी समजून घेतलं असतं तर पुढचे पैसे वाचले असते.

दुकानदार फोनवर म्हणाला, "तुमच्याकडे अर्थिंग खराब असणार." मग वॉरंटीत माणूस पाठवला आणि 'फॉल्ट आढळला नाही' म्हणून व्हिजिटचे 1,200 रुपये माझ्याकडूनच घेतले. त्या माणसाने केलं काय, तर दोन्ही अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून ठेवली. घूं थांबली. तो खूश, मी दहा मिनिटं खूश. मग लक्षात आलं की धातूची पेटी, आत 230 व्होल्ट, आणि पावसाळा आला की मी ओल आलेल्या जमिनीवर अनवाणी असणार. उद्या आत इन्सुलेशन गेलं तर करंट जमिनीत जाईल तो माझ्यातून. ही युक्ती सांगणारा कोणीही भेटला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. पिना त्याच संध्याकाळी परत बसवल्या. घूंसुद्धा परत आली.

मग अर्थिंगच्या नादाला लागलो. जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, त्यात अर्थिंग चांगलं मिळणं मुश्कील, हे खरंच. परसात खोल खड्डा, कोळसा, मीठ, नवीन प्लेट, वर पाणी घालायला पाइप. 4,800 रुपये. फरक शून्य. बायको म्हणाली, "निदान फ्रीजचो शॉक तरी गेलो." तो खरंच गेला. वर्षभर फ्रीजच्या दांड्याला झिणझिण्या यायच्या आणि आम्ही फडकं धरून उघडत होतो. त्यामुळे या खर्चाला पूर्ण फुकट म्हणवत नाही.

दोन्ही अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले तेव्हा घूं जवळपास निम्मी झाली. तिथे माझं मत पहिल्यांदा जरा नरमलं.

आणि जूनमध्ये, पहिल्याच वादळी पावसात, माडाचं एक चुडत केबल टीव्हीच्या वायरवर पडलं. वायर तुटली, सिरियल बंद, घरात वातावरण तंग. मी गप्प ओटीवर जाऊन अ‍ॅम्प लावले. शांतता. इतकी, की मला वाटलं अ‍ॅम्प गेले.

प्रकार असा होता. टीव्हीचा आवाज स्पीकरवर यावा म्हणून सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी वायर मी रिसीव्हरला लावलेली. केबलवाल्याच्या वायरीची जाळी बाहेर कुठेतरी जमिनीला टेकलेली. रिसीव्हरचा प्लग दोन पिनांचा, त्यामुळे पूर्वी चक्र पूर्ण होत नव्हतं. तीन पिनांचे अ‍ॅम्प आले आणि ते पूर्ण झालं: केबलची जमीन, रिसीव्हर, अ‍ॅम्प, घरची जमीन. मी मीठ-कोळशाने घरची जमीन सुधारली, पण चक्र तसंच राहिलं. त्या 1,200 रुपयेवाल्याने मागच्या वायरी एकेक उपटून बघितल्या असत्या तर पाच मिनिटांत सापडलं असतं. मीही नाही बघितल्या, पण मी व्हिजिटचे पैसे घेत नाही.

आता सेट-टॉप बॉक्स फक्त टीव्हीला आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल. त्यातून जातो फक्त उजेड, जमीन-बिमीन काही नाही. किंमत 280 रुपये.

तर अ‍ॅम्प कसे आहेत? आवाज मोठा होईल म्हणून घेऊ नका. 80 चे 150 म्हणजे पुरते 3 डेसिबलसुद्धा नाहीत. फरक आहे तो पखवाजाच्या धुमात, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या बाजूत. पूर्वी नुसतं धब्ब व्हायचं, आता कणकेचा ओलेपणा कळतो. रिसीव्हर एकदाही प्रोटेक्शनमध्ये गेलेला नाही. आणि हळू आवाजात, रात्री, पूर्वी न ऐकू येणारं बरंच ऐकू येतं. मात्र ते 92 हजारांचं आहे की गेलेल्या घूंचं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

तक्रारी आहेत. दोन्ही एकदम चालू केले की सुरुवातीचा झटका एवढा, की एमसीबी पडतो. बी टाइप काढून असा झटका जास्त सोसणारा सी टाइप बसवून घेतला, तरी एक लावून पाच मोजून दुसरा लावतो. रिकामे बसून दोघं मिळून 90 वॅट खातात. दिवसाला सहा तास धरले तर महिन्याला 16 युनिट. आरसीएच्या, म्हणजे रिसीव्हर आणि अ‍ॅम्प जोडणाऱ्या वायरींच्या, पिना खाऱ्या हवेने पावसाळ्यात दोनदा काळ्या पडल्या, पुसाव्या लागल्या. चालू करताना अ‍ॅम्प शेवटी, बंद करताना आधी, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज. हे घरात फक्त मला लक्षात राहतं.

गणपतीत भजनाआधी काका येऊन स्पीकरजवळ कान नेऊन बसले. म्हणाले, "गेली मगे पांढरी पाच?" मग पेटी उघडून नेमका तोच सूर धरला आणि माझ्याकडे बघत राहिले.

1,200 ची पावती जपून ठेवली आहे. दुकानदाराला तिसरं पत्र काल टाकलं.