गाडी नुसती बघायचे 300 रुपये

सोलापुरात मी ज्या गॅरेजात गाडी नेते, तिथे ज्यावरून रोज कुणाची तरी वादावादी होते, तेच आधी सांगते. या गॅरेजात गाडी नुसती बघायचे 300 रुपये घेतात. काम करा किंवा करू नका, 300 द्यायचेच. काम केलं तरी ते बिलातून वजा होत नाहीत. "बघायचे पैसे कोण घेतंय बे सोलापुरात?" असं म्हणून गाडी वळवून नेणारी गिऱ्हाइकं मी स्वतः पाहिली आहेत. माझं मत उलटं आहे. जुन्या गाडीवर मी आजवर जेवढा पैसा घातला, त्यात सगळ्यात वसूल झाले ते हे 300.

जागा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, यंत्रमागाच्या शेडच्या मागच्या गल्लीत. गॅरेजला नाव असं नाहीच. पाटीवर 'मारुती, सँट्रो रिपेअर' एवढंच, आणि त्यातला सँट्रो उन्हाने अर्धा उडालेला. मालकांना सगळे चाचा म्हणतात. साठीच्या आसपासचे, हाताखाली दोन पोरं. चाचा पोरांवर दखनीत ओरडतात, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलतात आणि माझ्याशी मराठीत, हे सगळं एकाच बोनेटवर वाकून.

मी टॅक्सच्या ऑफिसात काम करते. व्यापाऱ्यांची रिटर्न भरायची, आलेल्या नोटिसा वाचायच्या. बिल ओळीओळीने वाचायची खोड त्यातूनच लागली. गाडी 2008 ची वॅगनआर, पेट्रोल, 1061 सीसीचं जुनं चार सिलिंडरचं इंजिन. 2010 मध्ये जे के-सिरीज इंजिन आलं, त्याच्या आधीचं. पंढरपूर, तुळजापूर, मंगळवेढा, सासर, माहेर, क्लायंट, सगळं तिच्यावरच चालतं.

मागच्या मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला. एसी बंद केला, काचा उघडल्या, कशीबशी वर पोचले. परत येताना सपाट रस्त्यावर काटा पुन्हा जागच्या जागी. सोलापुरात आल्यावर सात रस्त्याच्या सिग्नलला पुन्हा वर. दुसऱ्या एका गॅरेजात दाखवली. नाव लिहीत नाही. तिथल्या मेकॅनिकने इंजिन चालू केलं, दोन मिनिटं कान दिला आणि सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील. हेड उतरवायचं, फेसिंग करायचं (त्याचा तळ घासून सपाट करायचा), 16 हजारांच्या आसपास. नक्की किती, ते म्हणे खोलल्यावर कळेल.

"खोलल्यावर कळेल" हे गॅरेजातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. हेड एकदा खाली आलं की गॅस्केट नवीन लागतंच, मग ते खराब असो वा नसो. गाडी तिथे अर्धी उघडी पडलेली, ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. भाव करायची ताकद तुमच्या हातून जाते ती त्या क्षणी.

मग गाडी चाचांकडे आणली. त्यांनी आधी प्रश्न विचारले. काटा कुठं चढला? पळताना का थांबल्यावर? एसी होता का? पाणी किती दिवसांनी भरता, आणि कुठलं? मी उत्तरं दिली तशी मान हलवत बाकड्यावर बसले, पोराला म्हणाले, "रुक रे, पहले ठंडी होने दे." गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं आणि मला बोलावून आत बघायला लावलं. गॅस्केट गेलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात, इथे येत नव्हते. मग ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, हे तसं नव्हतं. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, चारही आकडे जवळजवळ सारखे. गॅस्केटचा संशय तिथेच फिटला, तोही एक बोल्ट न खोलता.

मग झाकण लावून गाडी उभ्या जागी चालू ठेवली आणि वाट बघितली. काटा मध्याच्या वर गेला तरी रेडिएटरचा पंखा फिरेना. चाचांनी बॅटरीवरून दोन वायर थेट मोटरला लावल्या. मोटर घरघरली, जरा हलली, थांबली. "ताई, पंखा रुसलाय. इंजिनाला काय झालं नाही." गाडी पळत असताना समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो, म्हणून सपाट रस्त्यावर काटा शांत. घाटात दुसऱ्या गियरमध्ये आणि सिग्नलला वारा नाही, तिथे पंख्याशिवाय भागत नाही. हे त्यांना माझ्या उत्तरांवरूनच बरंचसं कळलं होतं, बाकीची खटपट खात्री करण्यासाठी. त्या तपासणीत तास-दीड तास गेला असेल. त्याचे 300.

रेडिएटर उतरवला तेव्हा आतून तांबूस गाळ आणि पांढरा थर निघाला. बोअरचं पाणी. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळे गाडीत काय ओततात ते सांगायला नको. त्या पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात, शिवाय आतून गंजही धरतो. कूलंट आणि बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) निम्मं-निम्मं, दुसरं काही घालायचं नाही, असं चाचांनी मला दोनदा बजावलं.

बिल जसंच्या तसं : तपासणी 300, पंख्याची मोटर 1,650, रेडिएटरचं झाकण 180, कूलंट दोन लिटर 560, बॅटरीचं पाणी 100, रेडिएटर उतरवून धुऊन बसवायची मजुरी 700. एकूण 3,490. जुनी मोटर आणि जुनं झाकण पिशवीत घालून डिकीत ठेवलेलं. मागावं लागलं नाही. तो घाट त्यानंतर एसी लावून चढले आहे.

हे गॅरेज स्वस्त मात्र नाही. भिंतीवर हाताने लिहिलेला मजुरीचा तक्ता आहे : ऑइल सर्व्हिस 400, पुढचे ब्रेक पॅड 350, टायमिंग बेल्ट 1,200, क्लच 2,200. अशोक चौकाच्या बाजूला क्लच 1,600 मध्ये बसवून देणारे भेटतील. पण तिथे स्पेअर कुठून आला आणि कितीचा, हे विचारलं की चेहरे बदलतात. मजुरी कमी सांगायची आणि स्पेअरमध्ये काढून घ्यायची, ही जुनी रीत. चाचा उलटं करतात. स्पेअर गिऱ्हाइकाने स्वतः आणला तरी चालतो, आणि त्यांनी आणला तर दुकानाचं बिल सोबत जोडतात. मजुरीत त्यांचं पोट आहे, ती तक्त्यावर उघड लिहिली आहे. एक तळटीपही आहे : 'गंजका बोल्ट तुटा तो अलग.' मुंबई-कोकणातून आलेल्या सेकंडहँड गाड्यांसाठी ती. इथल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण उन्हाने रबर जातं. होज पाइप, बुश, माउंटिंग, वायपर. सोलापूरच्या जुन्या गाडीचा खर्च या रबरात असतो, आणि ते किलोमीटरवर नाही तर वर्षांवर मोजायचं. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा टायमिंग बेल्टही त्यातच. माझी गाडी कमी फिरते म्हणून बेल्ट अजून चालेल असं मी म्हणत होते, तर त्यांनी कव्हर उघडून बेल्टवरच्या बारीक चिरा बोटाने दाखवल्या. तो तुटला की गाडी असेल तिथे थांबते, काही इंजिनांत व्हॉल्व्हही वाकतात.

कुठे पैसे वाचवायचे, याबद्दल त्यांचं गणित ठाम आहे. ब्रेक, बेल्ट, स्टिअरिंगचा माल कंपनीचाच किंवा कंपनीला पुरवणाऱ्या नावाजलेल्या मेकचा. लोकल दिला तर बसवत नाहीत, सरळ परत पाठवतात. क्लच प्लेट, बेअरिंग चांगल्या मेकचं असलं की पुरे, कंपनीच्या डब्याचे जादा पैसे देऊ नका म्हणतात. आणि काच फिरवायचं हँडल, आरसा, दाराचा कडीकोयंडा असल्या वस्तू भंगारातून. माझ्या मागच्या दाराचं लॉक त्यांनी भंगारातून आणून 250 मध्ये बसवलं. नवीनचा भाव ऐकून मी दार उघडायचंच सोडून दिलं होतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. चाचा मजुरीवर जीएसटी लावत नाहीत, कारण त्यांची नोंदणी नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे यात गैर काही नाही. गैर ते, जे मला पूर्वी एका ठिकाणी दिसलं : साध्या कॅश मेमोवर 18 टक्के लावलेले आणि जीएसटी नंबरचा पत्ता नाही. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करताच येत नाही. महाराष्ट्रातला नंबर 27 ने सुरू होतो, एकूण 15 अंक-अक्षरं, आणि खरा आहे का ते जीएसटीच्या पोर्टलवर फुकट बघता येतं. दुसरं म्हणजे, स्पेअरच्या डब्यावरच्या एमआरपीत कर धरलेला असतो. एमआरपी लिहून खाली पुन्हा जीएसटी जोडला असेल तर बिल तिथेच परत करा. 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांतले स्पेअर 18 वर आले, म्हणजे 1,280 चा माल 1,180 ला मिळायला हवा. चाचांनी हे माझ्याकडून समजून घेतलं आणि दुकानदाराला फोन लावून तिथल्या तिथे भाव पाडून घेतला. त्या दिवशी तपासणीचे 300 घेतले नाहीत. मीही नोटीस वाचून सांगायचे पैसे घेते, त्यामुळे हिशेब बरोबर झाला.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत. उद्या म्हणजे परवा. बायकांना थांबायला जागा नाही. एक बाकडं आहे, त्यावर बॅटऱ्या ठेवलेल्या असतात, आणि बाथरूमचं तर विचारूच नका. एसीचं काम करत नाहीत, डेंटिंग-पेंटिंग नाही, डिझेलला हात लावत नाहीत. काम झाल्यावर गॅरंटी कागदावर लिहून मिळत नाही. तोंडी 'परत आणा' म्हणतात आणि आणली की बघतात, एवढंच. नव्या गाडीवाल्याने, विशेषतः वॉरंटी चालू असलेल्याने, इथे येऊ नये. चाचा स्वतःच त्यांना परत पाठवतात.

"गाडीची किंमत सत्तर हजार नाही आणि त्यावर वर्षाला वीस-बावीस हजार घालता?" असं मला ऑफिसात विचारतात. विकायची नाही तर किंमत कशाला बघू? नव्या गाडीचा हप्ता महिन्याला अकरा हजार म्हटला तर दोन महिन्यांत हा आकडा संपतो. खरी अडचण गॅरेजची नाही, आरटीओची आहे. 15 वर्षं झाल्यावर 2023 मध्ये आरसीचं नूतनीकरण केलं तेव्हा फी 5,000 होती, पर्यावरण कर वेगळा. ते नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. 2028 मध्ये गाडी 20 वर्षांची होईल, आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार 20 वर्षांवरच्या कारला 10,000 फी आहे. चाचांना विचारलं, तेव्हापर्यंत चालेल का? त्यांनी गाडीखाली टॉर्च मारला, चेसिस बघितली, साइलेन्सर हलवून पाहिला. चेसिसला गंज नाही, इंजिन अजून ऑइल खात नाही, पण क्लच या वर्षात करावा लागेल म्हणाले. अंदाज लिहून दिलाय : क्लच सेट 3,100, मजुरी 2,200, गियर ऑइल वेगळं. पितृपक्षात टाकते. त्या पंधरवड्यात तिथे गर्दी कमी असते आणि गाडी सांगितल्या दिवशी मिळायची थोडी तरी शक्यता असते. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, आणि शुक्रवारी दुपारी नको, नमाजासाठी तीनपर्यंत शटर खाली असतं.