लाइमसर्व्हे : शाळेतल्या निनावी सर्वेक्षणाला कितपत पुरं पडतं?

शाळेत सर्वेक्षण भरायला बसलेल्या मुलांना आधी एकच आश्वासन दिलं जातं : तुमचं नाव कुठेही येणार नाही. छळ, ताण, शिक्षकांबद्दलचं मत, घरची परिस्थिती अशा प्रश्नांना मुलं खरी उत्तरं देतात ती या एका शब्दावर. तो शब्द पाळायला सॉफ्टवेअर किती मदत करतं आणि कुठे कमी पडतं, या एकाच कसोटीवर लाइमसर्व्हे या ऑनलाइन सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरचं हे परीक्षण आहे. प्रश्नांचे प्रकार, रंगसंगती, आलेख हे सगळं इथे बाजूला ठेवलं आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. सर्व्हर सांभाळणारा जाणता माणूस शाळेकडे असेल, तर लाइमसर्व्हे घ्यावं. तो नसेल तर स्वतःच्या सर्व्हरवर ते बसवू नये, कारण वर्षानुवर्षं अद्ययावत न केलेला सर्व्हर हा कुठल्याही तयार ऑनलाइन फॉर्मपेक्षा जास्त धोक्याचा असतो. जुन्या आवृत्त्यांमधल्या सुरक्षा त्रुटी सार्वजनिक याद्यांमध्ये नोंदलेल्या असतात आणि त्या वाचणारे फक्त सज्जन नसतात.

हे ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर २००३ साली पीएचपी सर्व्हेयर या नावाने सुरू झालं आणि २००७ पासून लाइमसर्व्हे झालं. ते पीएचपीमध्ये लिहिलेलं आहे आणि मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस यांपैकी कुठल्याही डेटाबेसवर चालतं. कंपनीची क्लाउड सेवाही आहे. शाळेच्या दृष्टीने खरा फायदा मात्र स्वतःच्या सर्व्हरवर बसवण्यात आहे : उत्तरं तिसऱ्या कुणाकडे जात नाहीत, मुलांना कुठल्याही खात्यात लॉगिन करावं लागत नाही आणि डेटा कधी, कुठून पुसला हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता.

आता मुख्य गोष्ट. सर्वेक्षणाच्या सेटिंगमध्ये 'ॲनोनिमाइज्ड रिस्पॉन्सेस' नावाचा पर्याय आहे. टोकन, म्हणजे प्रत्येक सहभागीला दिलेला वेगळा प्रवेश-संकेत, देऊन घेतलेल्या सर्वेक्षणात दोन तक्ते असतात. एकात सहभागी मुलांची नावं आणि टोकन, दुसऱ्यात उत्तरं. हा पर्याय चालू केला की उत्तरांच्या तक्त्यात टोकन लिहिलंच जात नाही. सहभागींच्या तक्त्यात एरवी 'पूर्ण'च्या रकान्यात तारीख-वेळ येते, तिथे नुसता 'वाय' (म्हणजे 'होय') येतो. उत्तरांवर वेळेची नोंद चालू ठेवली असेल तर प्रत्येक उत्तरापुढे १ जानेवारी १९८० हीच तारीख पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला सर्व्हरचं घड्याळ बिघडलं असं वाटतं, पण ही मुद्दाम केलेली योजना आहे. वेळेवरून माणूस ओळखता येतो हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेलं आहे, आणि इतकं बारीक भान ठेवणारी साधनं फार नाहीत.

मात्र हे सेटिंग सर्वेक्षण सक्रिय करण्याआधीच ठरवावं लागतं. सक्रिय झाल्यावर ते गोठतं. म्हणून त्याच वेळी आणखी काही पर्याय बघून घ्यायचे. आयपी पत्ता (यंत्राचा जाळ्यावरचा क्रमांक) साठवणं बंद. कुठल्या पानावरून आला ती नोंद बंद. प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ मोजणं बंद. 'नंतर पुढे भरा' ही सोय बंद, कारण ती मुलाकडे नाव आणि पासवर्ड मागते, ईमेलसाठी रकाना देते आणि ही माहिती वेगळ्या तक्त्यात ठेवते. सार्वजनिक आकडेवारीही बंद. मग चार-पाच खोटी उत्तरं भरा, एक्सपोर्ट काढा आणि एकेक रकाना डोळ्यांनी तपासा. 'स्टार्टलँग्वेज' नावाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. सर्वेक्षण दोन भाषांत असेल आणि वर्गातल्या एकाच मुलीने दुसरी भाषा निवडली असेल, तर तिची सगळी उत्तरं तिच्या नावासकट उघडी पडल्यासारखीच आहेत. एक्सपोर्ट करताना हा रकाना गाळता येतो, तो गाळाच.

इथवर लाइमसर्व्हे आपलं काम चोख करतं. पुढची भोकं त्याच्या कडेला आहेत आणि ती शाळेलाच बुजवावी लागतात.

पहिलं भोक क्रमांकाचं. उत्तरांना १, २, ३ असे चढते क्रमांक मिळतात. सर्वेक्षण चालू असताना कुणी सहभागींची यादी आणि उत्तरांची यादी आलटून पालटून रिफ्रेश करत बसला, तर कुणापुढे 'वाय' आला आणि त्याच क्षणी कुठलं उत्तर वाढलं हे त्याला सहज जुळवता येतं. तंत्रज्ञान लागतच नाही, नुसती चिकाटी पुरते. उपाय : सर्वेक्षण संपेपर्यंत उत्तरं पाहण्याची परवानगी कुणालाही द्यायची नाही, आणि विश्लेषणासाठी फाइल देण्याआधी ओळींचा क्रम ढवळून क्रमांकाचा रकाना काढून टाकायचा.

दुसरं भोक जास्त खोल आहे, आणि बहुतेक शाळांना त्याचा पत्ताच नसतो. लाइमसर्व्हेने आयपी पत्ता साठवला नाही तरी त्याच्या खाली चालणारा वेब सर्व्हर, म्हणजे अपाचे किंवा एनजिनएक्स, प्रत्येक भेटीची ओळ आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहितो : आयपी पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ आणि उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता. ईमेलने पाठवलेल्या दुव्यात टोकन पानाच्या त्या पत्त्यातच असतं. म्हणजे डेटाबेसमध्ये तोडलेला धागा लॉगमध्ये अखंड राहतो. सर्व्हर शाळेच्याच जाळ्यात असेल तर आणखी वाईट, कारण संगणक कक्षातल्या प्रत्येक यंत्राचा आयपी वेगळा दिसतो आणि कुठल्या यंत्रावर कोण बसतं याचा तक्ता बहुधा भिंतीवरच लावलेला असतो. म्हणून सर्वेक्षणाच्या मार्गासाठी लॉग पूर्ण बंद करा, किंवा लॉगच्या साच्यातून आयपी पत्ता आणि पानाच्या पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग वगळा. मध्ये प्रॉक्सी किंवा फायरवॉल असेल तर तिचाही लॉग तपासा.

टोकन वाटण्याचा सगळ्यात चांगला मार्ग लाइमसर्व्हेतच आहे, पण तो फारसा वापरला जात नाही. सहभागींच्या भागात 'डमी पार्टिसिपंट्स' तयार करता येतात : नाव नाही, ईमेल नाही, नुसती टोकनं. वर्गात ३२ मुलं असतील तर ३६ टोकनं काढा, चिठ्ठ्या छापा, घड्या करून डब्यात टाका आणि मुलांना स्वतः उचलू द्या. एका चिठ्ठीवर एकच उत्तर हा नियमही टिकतो आणि कुठली चिठ्ठी कुणाची हे कुणालाच कळत नाही. चिठ्ठ्या शिक्षकाने हजेरीच्या क्रमाने वाटल्या तर सगळं मुसळ केरात. या पद्धतीत राहिलेल्या मुलांना आठवण पाठवता येत नाही. हा तोटा आहे, तो स्वीकारावा.

तेच मूल सहा महिन्यांनी पुन्हा काय म्हणतं हे जोडून पाहायचं असेल, तर प्रश्न वेगळा होतो. अशा वेळी आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माचा दिवस वगैरे जोडून मुलांकडून संकेत बनवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती टाळावी. वर्गशिक्षकाला हा संकेत दोन मिनिटांत उलगडतो. त्यापेक्षा यादृच्छिक संकेत द्या आणि नाव-संकेताची यादी उत्तरांशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे, वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि मुलांना 'निनावी' असं सांगू नका. 'गोपनीय' सांगा, आणि यादी कुणाकडे आहे तेही सांगा.

एन्क्रिप्शनची, म्हणजे उत्तरं किल्लीशिवाय न वाचता येतील अशा रूपात साठवण्याची, सोय चौथ्या आवृत्तीपासून आहे आणि ती प्रश्नागणिक चालू करता येते. तिचा आवाका मात्र समजून घ्यायला हवा. किल्ली त्याच सर्व्हरवर कॉन्फिग फोल्डरमधल्या 'सिक्युरिटी' नावाच्या पीएचपी फाइलमध्ये असते. त्यामुळे डेटाबेसचा बॅकअप चोरीला गेला तर संरक्षण मिळतं. प्रशासकाचा पासवर्ड फुटला तर मिळत नाही, कारण लॉगिन केलेल्याला उत्तरं उलगडूनच दिसतात. सर्व्हर बदलताना ती फाइल सोबत न्यायची राहिली तर उत्तरं कायमची गेली. तेव्हा किल्ली जपा, पण डेटाबेसच्या बॅकअपपासून वेगळी. प्रशासकांसाठी दोन टप्प्यांची ओळख तपासणारा प्लगिन सॉफ्टवेअरसोबतच येतो. तो चालू करायला काही मिनिटं लागतात, टाळायला कारण नाही.

परवानग्यांची रचना बारीक आणि चांगली आहे. उत्तरं पाहणं, एक्सपोर्ट करणं, पुसणं, आकडेवारी पाहणं असं सगळं वेगवेगळं देता येतं. शिक्षकांना 'फक्त आकडेवारी' द्यावी असं वाटतं, पण तिथे चाळण्या लावता येतात. सातवी ब, मुलगी, वसतिगृहात राहणारी अशी चाळण लावली आणि एकच ओळ उरली, की आकडेवारीचं पुन्हा उत्तर झालं. म्हणून शिक्षकांना तयार अहवालच द्या. दुसऱ्या शाळेला प्रश्नावली पाठवताना एलएसएस फाइल पाठवा, तिच्यात फक्त रचना असते. एलएसए म्हणजे अख्खं सर्वेक्षण, उत्तरं आणि सहभागींच्या यादीसकट. एका अक्षराच्या फरकाने सगळा डेटा बाहेर जाऊ शकतो.

अहवालात लहान गट झाकण्याचं काम लाइमसर्व्हे करत नाही, ते हातानेच करावं लागतं. दहापेक्षा कमी मुलांचा गट वेगळा दाखवू नये, हा सावध नियम. पण एकच चौकट झाकून भागत नाही. वर्गात २८ मुलं, 'शाळेत असुरक्षित वाटतं' म्हणणारी एकूण ९, त्यात मुलगे ७, आणि मुलींचा आकडा झाकलेला : वजाबाकी कुणीही करेल. एक चौकट झाकली की तिच्या जोडीची दुसरीही झाकावी लागते. उलटंही लक्षात ठेवा. एखाद्या गटातल्या सगळ्यांनी तेच उत्तर दिलं असेल, तर गट कितीही मोठा असो, प्रत्येकाचं उत्तर उघड झालं.

संमतीच्या बाबतीत साधनाकडून फार अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीला गोपनीयतेचा मजकूर आणि सक्तीची खूण दाखवता येते, पण मुलाने केलेली खूण ही पालकांची संमती नव्हे. संमतीचं वय कायद्यागणिक बदलतं : युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात ऑनलाइन सेवांसाठी १६ (सदस्य देश ते १३ पर्यंत खाली आणू शकतात), भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८. पालकांची संमती आधी, स्वतंत्रपणे घ्या आणि ज्यांची आली त्यांनाच टोकन द्या. प्रश्न चाळायला अमेरिकेच्या पीपीआरए या कायद्यातली आठ विषयांची यादी कुठेही उपयोगी पडते : राजकीय मतं, मानसिक अडचणी, लैंगिक वर्तन, बेकायदा किंवा स्वतःला कमीपणा आणणारं वर्तन, कुटुंबीयांवर टीका, डॉक्टर-वकिलांसारखे विश्वासाचे संबंध, धर्म, उत्पन्न. प्रश्न यांत बसत असेल तर तो खरंच हवा का, हे आधी ठरवा.

मोकळ्या उत्तरांच्या चौकटीबद्दल मात्र ठाम मत आहे : निनावी सर्वेक्षणात ती शक्यतो ठेवू नये. मुलं तिथे नावं लिहितात, भांडणं लिहितात, कधी मारहाणीबद्दल लिहितात. मग त्या मुलापर्यंत पोचायचं कसं, कारण आपणच धागा तोडलेला असतो. लॉग उकरून मूल शोधलं तर दिलेला शब्द मोडला, नाही शोधलं तर मूल एकटं पडलं. ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक पानावर समुपदेशकाला कुठे, कधी भेटायचं ते ठळक लिहा आणि असे प्रश्न नाव माहीत असलेल्या, प्रशिक्षित माणसाने घ्यायच्या मुलाखतीसाठी ठेवा.

ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारं कुणी नाही त्यांनी गूगल फॉर्म्स वापरला तरी चालेल, पण ईमेल गोळा करणं बंद आणि निकालाचा सारांश दाखवणं बंद करून. फाइल मागणारा प्रश्न ठेवूच नका, कारण त्यासाठी लॉगिन लागतं आणि फाइलच्या नावाला पाठवणाऱ्याचं नाव जोडलं जातं. उत्तरांच्या शीटमध्ये वेळ पडतेच, ती हाताने काढावी लागते. 'एकाला एकच उत्तर' ठेवलं तर लॉगिन सक्तीचं होतं, त्यामुळे चिठ्ठ्यांच्या पद्धतीची सर तिथे येत नाही.

शेवटचं काम पुसण्याचं, आणि इथे लाइमसर्व्हे थोडं फसवं आहे. सर्वेक्षण निष्क्रिय केलं की उत्तरं जात नाहीत, 'ओल्ड' नाव लागून जुन्या तक्त्यात सरकतात आणि तिथेच राहतात. कॉन्फिगरेशनमधल्या 'चेक डेटा इंटिग्रिटी' या पानावर असे उरलेले तक्ते दिसतात आणि तिथून पुसता येतात. त्यानंतर रात्रीचे बॅकअप, विश्लेषणासाठी काढलेल्या एक्सेल फाइल्स, ईमेलमधली जोडपत्रं आणि चिठ्ठ्या छापलेली टोकनांची फाइल यांची यादी करून एकेक खोडत जा. पुसण्याची तारीख पालकांना पाठवलेल्या संमतीपत्रातच छापलेली असावी, म्हणजे ती पुढे ढकलायला कुणाला जागा राहत नाही.