अलार्म आणि इंजिन बंद पडणे: दिवाळे कोळीवाड्याजवळच्या आउटबोर्ड कार्यशाळेचा अनुभव

आमच्या फायबरच्या छोट्या होडीला 40 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचे, इंजिन आहे. सुट्टीच्या दिवशी बेलापूरहून पनवेलच्या खाडीत, आणि हवा चांगली असेल तर घारापुरीच्या दिशेने जायचे, एवढ्यासाठीच ती ठेवली आहे. यंदा मार्चपासून कधी इंजिनाचा अलार्म वाजून वेग आपोआप उतरत असे, तर कधी काहीही न वाजता इंजिन बंद पडत असे. एकदा खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या ऐन ओढीत ते बंद पडले, तेव्हा पत्नी आणि मुलगी होडीत होत्या. नांगर लगेच धरला म्हणून निभावले, पण त्या दिवसाची धडकी अजून मनातून गेलेली नाही.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दुरुस्ती करून घेतली होती. तेथे इंजिन उतरवून पाण्याच्या टाकीत चालवून पाहिले, स्पार्क प्लग आणि बॅटरी बदलली आणि काम झाले असे सांगितले. दुसऱ्याच रविवारी पुन्हा तोच प्रकार झाला. मग जेट्टीवरच्या एका कोळी मित्राने दिवाळ्याजवळच्या या कार्यशाळेचा पत्ता दिला.

येथील मिस्त्रीकाकांनी इंजिनाला हात लावण्यापूर्वी विचारले, “साहेब, आधी अलार्म वाजला की आधी इंजिन बंद पडलं? आणि दिवा कुठला लागला?” प्रश्न साधा वाटतो, पण काही इंजिनांत इंजिन बंद पडल्यावर चावी चालूच राहिली तर तेलाचा दाब शून्यावर येऊन त्यामुळेही अलार्म वाजतो, आणि मग माणूस नसलेला दोष शोधत बसतो. माझ्याकडे तापमानाचा दिवा लागून अलार्म वाजत होता आणि बंद पडताना कोणताच दिवा लागत नव्हता. हे ऐकल्यावर त्यांनी हे दोन वेगवेगळे आजार आहेत असे सांगितले, आणि ते खरे निघाले.

अलार्मचे कारण गाळ हेच होते. ओहोटीला उथळ पाण्यात इंजिन चालू ठेवले की इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी खेचणाऱ्या जाळीत चिखल आणि प्लॅस्टिकचे तुकडे जातात. माझ्या इंजिनाची जाळी निम्मी बुजली होती. मागून पडणारी पाण्याची धार मंद गतीवर ठीक दिसे, म्हणून मी निश्चिंत राहिलो होतो, पण वेग वाढवला की ती बारीक होत असे. पाण्याचा पंप उघडल्यावर रबरी इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या) एका पाकळीचा तुकडा नाहीसा झालेला दिसला. नवा इम्पेलर बसवून मोकळे होणे सोपे होते, परंतु तो तुकडा पाण्याच्या मार्गात अडकला तर इंजिन पुन्हा तापेल, म्हणून काकांनी वरची नळी काढून तो शोधला आणि माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढा होता. थर्मोस्टॅटही (इंजिन तापले की थंड पाण्याला वाट देणारी झडप) त्यांनी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर ठेवून, तो कधी उघडतो हे पाहूनच परत बसवला. विनाकारण नवा विकला नाही.

दुसऱ्या दोषासाठी ते भरतीच्या वेळी माझ्याबरोबर होडीतून आले, कारण इंधनाची अडचण पूर्ण जोर पडल्याशिवाय दिसत नाही. इंजिन धापा टाकू लागताच त्यांनी इंधनाच्या नळीवरचा रबरी बल्ब, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा फुगा, दाखवला: तो चपटा झाला होता. बल्ब चपटा होणे म्हणजे अडथळा टाकी आणि बल्ब यांच्यामध्ये आहे. टाकीचे झाकण उघडून पाहिले, तरी फरक पडला नाही. म्हणजे टाकीत हवा जाण्याचा मार्ग मोकळा होता. मग काकांनी स्वतःची नळी जोडली आणि इंजिन वीस मिनिटे एकसारखे चालले. परत आल्यावर माझी जुनी नळी उभी चिरून दाखवली, तर आतला थर सुटून फोडासारखा वर आला होता. पेट्रोल जोराने खेचले गेले की तोच थर वाट बंद करी. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुनी नळी टिकेलच असे नाही, म्हणून त्या पेट्रोलला चालणारी नळी त्यांनी बसवली आणि पाणी वेगळे करणारा फिल्टरही बदलला.

दर आधी सांगितले आणि जुने भाग परत दिले, हे मला विशेष आवडले. तक्रार वेळेची आहे. चार दिवसांत देतो म्हटलेले इंजिन नऊ दिवसांनी मिळाले, आणि मधल्या दिवसांत फोन उचलला जात नव्हता. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; त्या काळात कोळी बांधवांच्या होड्यांची कामे असतात आणि ती आधी होणे योग्यच आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी मेच्या आधी जावे. आणि जाताना इंजिनाबरोबर आपली पेट्रोलची टाकी आणि नळीही न्यावी. आधीच्या ठिकाणी इंजिन त्यांच्याच टाकीवर आणि त्यांच्याच नळीवर चालवून पाहिले होते, त्यामुळे तेथे ते एकदाही बंद पडले नव्हते.